पोपट मान डोलावतो

४ जुलै

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. मागच्या वेळी तू तिकडून काय? काय? म्हणत राहिलीस, मी इकडून ओरडत राहिले आणि शेवटी घरमालकीण वर आली, भांडण कोणाशी चाललंय ते बघायला. त्यापेक्षा पत्र बरं. मागाच्या खडखडाटात तुझे कान गेले असले तरी डोळे शाबूत आहेत आणि माझं अक्षर अजून लागतं, असं तूच म्हणतेस.

बातमी अशी की मोठ्या बाईंनी मला समितीत घेतलंय. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी एखादं शिकवणारं अ‍ॅप किंवा वेबसाइट निवडायची आहे. समितीत त्या, चौथीचे सर आणि मी. सरांना काहीही विचारलं तरी ते बघू म्हणतात, त्यामुळे काम आम्हा दोघींवरच आहे. आपल्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली, आणि एवढ्यात मुलांसाठी काहीतरी ठरवायला मला बोलावतात, याचा मला किती आनंद झाला ते तुला वेगळं सांगायला नको.

दोन तर आम्ही मोडीतच काढली. एकात बेरजेचं उत्तर असलेला फुगा फोडायचा असतो. आमची मुलं दिसेल तो फुगा फोडत सुटली. बोट डोक्याच्या पुढे धावतं. दुसरी गोष्टींची वेबसाइट. चित्रं फार सुंदर, पण ससा विहिरीत डोकावतो तेवढ्यात बुटांची जाहिरात उडी मारून येते. शिवाय गोष्ट उघडायच्या आधी ती मुलाचं नाव, जन्मतारीख आणि घरचा पत्ता मागते. सशाला आमच्या मुलांचे पत्ते कशाला हवेत, असं मी समितीत विचारलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ती वेबसाइट खोडली.

उरला पोपट. पडद्यावर एक ओळ येते, मूल ती मोठ्याने वाचतं आणि एक हिरवा पोपट ऐकतो. बरोबर असेल तर मान डोलावून चांदणी देतो, चुकलं तर मान फिरवतो. कंपनीने महिनाभराच्या चाचणीसाठी माझ्या दुसरीच्या वर्गाला पेटीभर टॅबलेट दिलेत, प्रत्येक मुलाला एक. मी सगळ्यांना एकाच पानावर आणते आणि एका सुरात वाचून घेते. जो तो आपापलं वाचायला लागला तर वर्गात बाजार भरतो. माझा वर्ग असा एका गळ्याने वाचतो की चौथीचे सरसुद्धा दारात येऊन ऐकून गेले.

कंपनीचा माणूस मात्र मला खटकतो. अंगाला अत्तराचा वास, आणि काहीही विचारलं की उत्तम प्रश्न म्हणतो आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

आणखी एक काळजी आहे. दुपारी मागे पडलेल्या मुलांना मी खिडकीजवळच्या चटईवर एकेक करून जवळ घेऊन बसते आणि वाचून घेते. मोठ्या बाईंचं म्हणणं, पोपट आला की हा तास लागणार नाही. त्या चटईवर एक मुलगी येते. पावलं न वाजवता चालते म्हणून मुलं तिला मनी म्हणतात. तिला अजून एकही शब्द वाचता येत नाही, बोलते तीही क्वचितच. हा तास गेला तर ती कुठे बसणार?

तुझ्या गुडघ्यांना विचारल्याचं सांग. लोभ आहेच, तो पत्राच्या वजनाने मोजू नये.

तुझी,
भिंगरी


१२ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा कौतुकाने आणि एकदा संशयाने. कौतुकाचं तुझ्या आईला सांगून झालं. ती गल्लीभर सांगत फिरते आहे की आमची मुलगी पोपट निवडणार आहे. लोकांना वाटतंय तू पक्ष्यांचं दुकान काढलंस.

आता संशयाचं. अगं, शाळेत येताना अत्तर लावून येणारा माणूस मुलांसाठी येत नाही. मुलांना वास येतो तो खाऊचा. तुमच्या मोठ्या बाई ह्या कोण, कशा, हे तू लिहिलं नाहीस. त्यांच्या खोलीत नवे पडदे लागलेत का, तेवढं बघ. आमच्या मागांच्या शेडमध्ये सुताचा व्यापारी बदलला की मुकादमाच्या खिडकीचे पडदे बदलायचे. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही, पण पडदे बोलायचे. मला तेव्हाही ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

त्या मनीचा तास सोडू नकोस. तू लहानपणी तिच्यासारखी नव्हतीस, तू सतत बडबडायचीस. म्हणून तुला अशा मुलांची जास्त काळजी घ्यायला हवी. तुला ती आतून कळायची नाहीत.

गुडघे जागेवर आहेत, मीच हलत नाही. शेजारीण मला ओढून म्हाताऱ्यांच्या गाण्याच्या वर्गाला नेते. तिथे चहा चांगला असतो.

उत्तर पाठव, नाहीतर मी तुझ्यावरही संशय घेईन.

तुझी,
मावशी


२४ जुलै

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशी, पडदे लागले.

तू चेष्टेत लिहिलंस की खरंच, मला ठाऊक नाही, पण ऐक. मोठ्या बाईंच्या खोलीला लागून एक अडगळीची खोली आहे. जुने नकाशे, मोडके बाक, एक पाय नसलेला फळा. त्या खोलीच्या खिडकीला अचानक जाड तपकिरी पडदे लागलेत. मधल्या सुट्टीत मोठ्या बाई आत जाऊन दार लावून घेतात. काल मी खडू आणायच्या निमित्ताने दाराजवळून गेले. आतून त्यांचा हळू आवाज येत होता आणि मधूनच पोपटाची शाबासकीची शीळ. दाराला टेकून कंपनीच्या माणसाची छत्री उभी होती.

मी कान लावून ऐकलं नाही. म्हणजे, फार वेळ नाही.

आता वर्गातलं ऐक. माझ्या वर्गात सगळ्यांना भरभरून चांदण्या मिळताहेत. कंपनीच्या माणसाने त्यांच्या नावांचा मोठा रंगीत तक्ता छापून आणला. सगळ्यात वरच्या ओळीत कोण असेल? मनी. मी तिला दुपारी चटईवर घेतलं, तिला चांदणी मिळालेलाच धडा उघडला आणि पहिला शब्द दाखवला. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, पहिलं अक्षर तरी सांग. तिने अंगठा आत ओढून घेतला. म्हणजे पोपटाला ऐकू येतं आणि मला येत नाही?

आधी वाटलं, पोपट शाळेला खूश करायला सगळ्यांनाच चांदण्या वाटतो. म्हणून मुलं घरी गेल्यावर रिकाम्या वर्गात मी त्याच्यासमोर मुद्दाम चुकीचं वाचलं. त्याने लगेच मान फिरवली. परत चुकले, परत फिरवली. नीट वाचलं तेव्हाच डोलला. माझ्याशी प्रामाणिक आणि मुलांशी खोटा, असा कसा पोपट असेल? की मी पदवीवाली बाई समोर बसले आहे हे त्याला कळतं? हसू नकोस, मला खरंच तसं वाटून गेलं.

चौथीच्या सरांना मी आडून विचारलं की अडगळीच्या खोलीत काय चालतं. ते बघू म्हणाले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात समितीची बैठक आहे. तिथे पोपट पास झाला की चटईचा तास वेळापत्रकातून जाईल आणि मनी वरच्या ओळीतली हुशार मुलगी म्हणून तिसरीत जाईल. तिथे तिला कोणी जवळ घेऊन बसवणार नाही, कारण तक्त्यावर तिला सगळं येतंय. मी मोठ्या बाईंना तोंडावर विचारू का? मला शाळेत येऊन अजून वर्षही झालं नाही.

लोभ ठेव, आणि सल्ला पाठव.

तुझी,
भिंगरी


३० जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पडदे! मी तुझ्या आईला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, पोरीचं डोकं फिरवू नकोस. मी ऐकलं नाही. मला कुठे ऐकू येतं?

पण एकदम तोंडावर विचारू नकोस. विचारलंस तर त्या नाही म्हणतील, आणि मग तू काय करशील? आधी बघ. तो छत्रीवाला परत येईलच, तो आला की कोणाकडे बघून हसतो ते बघ. आणि पोपटाला जीभ असली तरी त्याला फार शहाणा समजू नकोस, तू समोर बसलीस हे त्याला काय कळणार? त्याला ऐकू येतं तेवढंच येतं. माझ्याहून बरा, एवढंच.

माझी एक गंमत सांगते, म्हणजे तुझं तोंड हसरं होईल. परवा गाण्याच्या वर्गात शिक्षकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी अगदी सुरात असते म्हणे, बाकीच्यांनी माझ्याकडे बघून शिकावं. अगं, मी गातच नाही! मला सूर कुठून ऐकू येणार? मी सगळ्यांची तोंडं बघते आणि आपलं उघडते, मिटते. शेजारीण डावीकडे बसून भोंग्यासारखी गाते, तिच्या जिवावर माझं नाव झालंय. चहा मात्र मी स्वतःच्या जिवावर पिते.

बैठकीला जाताना केस नीट बांध. केस विस्कटलेले असले की खरं बोलणंही तावातलं वाटतं.

तुझी,
मावशी


८ ऑगस्ट

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी शाळेच्या पायरीवर वाचत होते. गाण्याच्या वर्गापर्यंत आले, हसायला लागले आणि हसता हसता उठून उभी राहिले.

त्या दिवशी वर्ग वाचायला लागला तेव्हा मी ऐकलं नाही, तुझ्यासारखं नुसतं बघितलं. मनीचं तोंड सगळ्यांबरोबर उघडत होतं, सगळ्यांबरोबर मिटत होतं. अगदी वेळेवर. तिचे डोळे पानावर नव्हते, शेजारच्या मुलाच्या ओठांवर होते. आणि तिच्या टॅबलेटवरचा पोपट खुशाल मान डोलावत होता. त्याला ऐकू जात होता माझा सगळा वर्ग. तो खोटारडा नव्हताच गं. मीच त्याच्यासमोर एक मोठा भोंगा लावून ठेवला होता, आणि त्या एका सुराचं कौतुक मी तुला लिहून पाठवलं होतं! आणखी किती मुलं तशीच ओठ हलवत होती ते नंतर दिसायला लागलं. मनी फक्त सगळ्यात सफाईने करत होती.

खात्री करायला शांत जागा हवी होती, आणि सबंध शाळेत शांत खोली एकच. मी धीर करून पडद्याच्या खोलीचं दार वाजवलं. आत मोठ्या बाई एकट्या. मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर पोपट. मी आत आले तरी त्यांनी हातातली ओळ संपवली, तीही तोंडावर रुमाल धरून. मग म्हणाल्या की रुमालातून वाचलं तर त्याला कळतं का ते बघत होत्या. रोज येऊन त्या अडखळत वाचत होत्या, चुकीचं वाचत होत्या, भराभर वाचत होत्या. माझ्या वर्गाच्या चांदण्यांचा त्यांनाही संशय आला होता. मैदानावरचा गोंधळ आत येऊ नये म्हणून पडदे लावले होते. छत्री तो माणूस पहिल्याच दिवशी विसरून गेला होता आणि अजून न्यायला आलेला नव्हता.

पुढचं ऐक. पोपट त्यांच्याशीही प्रामाणिक वागला, म्हणून त्यांचा संशय कोणावर गेला? माझ्यावर! नवी बाई, नाव व्हावं म्हणून मुलांच्या टॅबलेटवर स्वतःच वाचत असेल, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी मला ते सरळ विचारलं. मी इतकी लाल झाले की त्यांना वाटलं खरंच आहे. मग मीही सांगून टाकलं की माझा संशय त्यांच्यावर होता आणि माझ्या मावशीचा त्यांच्या पडद्यांवर. त्या पहिल्यांदाच मनापासून हसल्या. मग मी तुझी गाण्याच्या वर्गाची गोष्ट सांगितली, आणि त्या हसायच्या थांबल्या.

बैठकीत कंपनीच्या माणसाने तक्ता उलगडला. मी केस बांधून गेले होते. मी उठून म्हटलं की या चांदण्या वर्गाच्या आहेत, एकेका मुलाच्या नाहीत, आणि माझ्या वर्गाचा निकाल धरू नये. तो उत्तम प्रश्न म्हणाला. मी प्रश्न विचारलाच नव्हता. मग, मावशी, चौथीचे सर बोलले! बघू नाही म्हणाले. त्यांनी त्या माणसाला माझ्या वर्गात चलायला सांगितलं, मुलांच्या मधोमध एका बुटक्या बाकावर बसवलं, पुढ्यात टॅबलेट ठेवला आणि तोंड घट्ट मिटून बसायची विनंती केली. वर्ग वाचायला लागला. पोपटाने त्याला एकामागून एक चांदण्या दिल्या. मुलांना वाटलं साहेब फार हुशार आहेत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला हसावं की उठावं ते कळेना. त्या दिवशी तो छत्री घेऊन गेला.

ठरलं ते असं: पोपट राहणार, पण फक्त पडद्याच्या खोलीत, एका वेळी एक मूल. चटईचा तास राहणार, आणि आठवड्यातून एक दिवस तो मोठ्या बाई स्वतः घेणार.

म्हणजे सगळं माझ्या मनासारखं झालं, असं तुला वाटेल. पण मनीला मी त्या खोलीत नेलं होतं. पोपट वाट बघत राहिला. तिने तोंड उघडलं, मिटलं. खोलीत आवाजच नव्हता. पोपटाने मान फिरवली. तिने टॅबलेट पालथा घातला आणि मला हळूच विचारलं की तो आता सगळ्यांना सांगेल का. तिचं पहिलं पूर्ण वाक्य मी ऐकलं, ते हे. तेव्हापासून ती चटईवर येते, पण काठावर बसते. मी जवळ सरकले की ती सरकते. चोरी पकडल्यासारखं तिला वाटतंय. तिची लपायची जागा मी काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही. तास वाचला, पण ज्या मुलीसाठी वाचवला तीच माझ्याकडे बघत नाही. मी काय करू?

लोभ असू दे, मला त्याची आज जास्त गरज आहे.

तुझी,
भिंगरी


१७ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस, काय करू. मला काय ठाऊक? मी शाळेतली बाई नाही, मला वर्ग माहीत नाही. पण तुझं पत्र वाचून मला त्या पोरीसमोर चोरट्यासारखं वाटायला लागलं. ती उघडी पडली आणि मी इथे शाबासकी घेत चहा पिते.

म्हणून काल मी वर्गात उठून उभी राहिले आणि शिक्षकांना म्हटलं, मला एकटीला गाऊ द्या. शेजारीण माझा पदर ओढत होती, मी बसले नाही. गायले. कसं गायले ते मला ऐकू आलं नाही, पण सगळ्यांची तोंडं दिसत होती. एक आजोबा तर हसता हसता काठीवरून घसरले. मीही हसले, दुसरं काय करणार? शिक्षक हसले नाहीत. ते माझ्याजवळ येऊन बसले आणि माझ्या तळहातावर बोटांनी ताल धरला. आता दर वेळी तसंच बसतात. सूर नाही सापडलेला, पण ताल हातात येतो आहे.

तुझ्या मनीसाठी खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय. जोडाक्षरं टाळली आहेत, तेवढं मलाही कळतं. दाखव नाहीतर नको दाखवूस, तुझं तू ठरव.

बाकी तुझ्या मोठ्या बाई चांगल्या आहेत असं दिसतंय. पण ते पडदे आले कुठून, हे तू अजून लिहिलं नाहीस.

तुझी,
मावशी

मनी, मला गाता येत नाही.
तरी मी गाते.
मला सगळे हसले. मी पण हसले.
तू वाच.


२६ ऑगस्ट

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

पडदे मोठ्या बाईंच्या घरच्या बैठकीच्या खोलीतले आहेत. तिथे आता नुसते गज दिसतात, मी जाऊन चहा पिऊन आले. झालं समाधान?

तुझं पत्र मी चटईवर मनीपासून जरा लांब ठेवलं आणि म्हटलं की माझ्या मावशीने हे तुला पाठवलंय. मी वाचून दाखवणार नाही, पत्र दुसऱ्याचं वाचू नये. मग मी वह्या तपासायला घेतल्या. तपासत काहीच नव्हते.

बऱ्याच वेळाने ती सरकली. आपलं नाव तिने ओळखलं. त्याच्यावर बोट ठेवून ती थांबली, जणू ते कागदावर कसं आलं याचाच तिला संशय होता. मग पुढचा शब्द. तास संपला, घंटा झाली, मुलं उड्या मारत बाहेर गेली, तरी तिचं बोट हललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच. अडखळत, मागे जात, अक्षर अक्षर जोडत. तुला सगळे हसले तिथे पोचल्यावर तिने मान वर करून माझं तोंड नीट बघून घेतलं. मी हसत नव्हते. मग पुढे गेली.

काल पत्र पूर्ण झालं. ती उठली, मला न विचारता पडद्याच्या खोलीत गेली आणि पालथा पडलेला टॅबलेट सरळ केला. मी दारातच थांबले. तिने तुझं पत्र पोपटासमोर धरलं आणि मोठ्याने वाचायला लागली. एकटी, त्या शांत खोलीत. पोपटाने अर्थातच मान फिरवली, त्याच्या पडद्यावर भलतीच ओळ होती. मी आत जायला पाऊल उचललं. पण मनीने त्याच्याकडे बोट रोखलं आणि त्याला बजावलं की हे त्याच्या पुस्तकातलं नाही, हे तिला आलेलं पत्र आहे, तेव्हा त्याने गप्प बसून ऐकावं.

आणि तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

लोभ आहे तसाच असू दे. पुढचं पत्र मात्र आम्हा दोघींच्या नावाने पाठव. तिने तसं सांगायला सांगितलंय.

तुझी,
भिंगरी